चांदीची बाई

हे मी बरी झाल्यावर लिहिणार होते. लोक असलं तसंच लिहितात ना, सगळं उरकल्यावर, केस परत आल्यावर, हसऱ्या फोटोसकट. माझेही केस परत आले होते. आयुष्यभर सरळ होते आणि आले ते कुरळे. माझी मुलगी इरा म्हणाली, "सूट्स यू, मॅम." इथे आयर्लंडमध्ये आईला मॅम म्हणतात. मग ते पुन्हा गेले. तेव्हा आता वाट बघत बसत नाही. दोन सलाइनच्या मधल्या बऱ्या आठवड्यात, किलकेनीतल्या आमच्या स्वयंपाकघरात बसून लिहितेय. ज्यांच्यावर हीच वेळ आलीय त्यांना उपयोग झाला तर झाला. नाही झाला तर निदान एक बाई आपल्याशी खरं बोलली, एवढं तरी वाटेल.

ओवा

सुरुवात पोट फुगण्यापासून झाली. जीन्सचं बटण लागेना. मी म्हटलं, चाळिशी संपली, आता असंच चालायचं. आई सांगलीहून व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "ओवा खा, वर गरम पाणी पी. तुम्ही तिकडं सारखा ब्रेड खाता, म्हणून गॅस धरतो." मी इमानेइतबारे ओवा खाल्ला. माझा नवरा समीर स्वतः डॉक्टर आहे, इथल्याच सरकारी हॉस्पिटलात भूल देतो. तोही म्हणाला, "स्ट्रेस असेल गं." त्याच्यावर माझा राग नाही असं लिहिणार होते. आहे, थोडा आहे. त्यालाही ते ठाऊक आहे.

निदानाच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आधी पावसाचं विचारलं, मग पार्किंग मिळालं का ते विचारलं. आणि मग त्यांनी आपली खुर्ची ओढून माझ्या गुडघ्यांपाशी आणली. खुर्ची जवळ आली तेव्हाच मला कळलं. बीजकोशाचा कॅन्सर, आणि तो पोटात पसरलेला. समीर एकदम डॉक्टरांच्या आवाजात काहीतरी आकडे विचारायला लागला. मी मराठीत म्हटलं, "तू इथे माझा नवरा म्हणून बसणार असशील तर बस, नाहीतर बाहेर जा." बाईंना भाषा कळली नाही, पण त्यांनी मान हलवली.

पार्किंगमधून बाहेर पडताना त्याला मशीनमध्ये तिकीट घालता येईना. तो स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागला. मी म्हटलं, "रड, पण आधी तिकीट घाल, मागे गाड्या लागल्यात." तेव्हा मी फार खंबीर वगैरे नव्हते. मला काहीच कळत नव्हतं, आणि गाड्या मात्र दिसत होत्या.

टोस्ट

ऑपरेशन झालं, मग केमो. केमोच्या वॉर्डातली माणसं मला नातेवाइकांपेक्षा जवळची वाटायला लागली. प्रत्येकाला एक मोठी आरामखुर्ची, शेजारी सलाइनचा खांब. नर्स दर वेळी नाव आणि जन्मतारीख विचारणार, तीच नर्स, तेच उत्तर. मग ट्रॉलीवरून चहा आणि लोणी लावलेला टोस्ट येणार. तो टोस्ट मला पहिल्या तासात फार आवडायचा. पुढच्या तीन दिवसांत काही खाता येणार नाही हे माहीत असायचं, म्हणून असेल.

तिथे सगळे एकमेकांना विचारतात, "हाऊ आर यू?" आणि सगळे म्हणतात, "ग्रँड," म्हणजे इथल्या बोलीत मजेत. टक्कल पडलेली माणसं, पिवळी पडलेली माणसं, आत्ताच ओकून आलेली माणसं, सगळी ग्रँड. आधी मला चीड यायची. नंतर मीही म्हणायला लागले, कारण त्या शब्दानंतर कुणी पुढे विचारत नाही. आईला "बरी आहे" म्हटलं की सुटका नसते. जेवलीस का, काय जेवलीस, पोट साफ झालं का, आवाज असा का येतोय.

भीतीचं लिहायला हवं. मला मरणाची भीती वाटत होती आणि वाटते. इराची शाळा संपेपर्यंत मी असेन का, हे मनात आलं की मी बोटांवर इयत्ता मोजत बसायचे. लोक म्हणायचे, "यू आर अ फायटर." अहो, मी कसली फायटर? मी सॉफ्टवेअरच्या चुका शोधणारी बाई, मला भांडायचं असतं ते प्रोग्रॅमरशी. इथे मी नुसती खुर्चीत पडून होते.

या दिवसांत एक माणूस फार कामाला आलं. शेजारच्या ब्रेडाबाई, आईच्याच वयाच्या, एकट्या राहणाऱ्या. कचऱ्याच्या दिवशी आमचा डबा त्या न सांगता बाहेर नेऊन ठेवायच्या. कधी दारात फॉइलमध्ये गुंडाळलेला गरम ब्रेड असायचा. बेल वाजवायच्या नाहीत.

साधू

एका दुपारी ब्रेडाबाई आमच्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या आणि आई फोनवर होती. फोन कुकरला टेकवून ठेवलेला. ब्रेडा सांगत होत्या की नवरा गेल्यावर त्या डेक्लनची वाट चालल्या, कॅशेलपासून आर्डमोरपर्यंत. आई तिकडून विचारायला लागली, "काय म्हणतायत गं त्या?" मला मळमळत होतं. मी दोन वाक्यांत उरकलं, "इथला एक जुना ख्रिस्ती साधू होता. त्याच्या वाटेनं लोक डोंगर ओलांडून पायी जातात, समुद्रापर्यंत."

"त्याच्याकडं मागतात का?"

"मागत असतील." आणि मी विसरून गेले.

केमो संपली, स्कॅन चांगला आला. मी आईला फोन करून ओरडलेच, "आई, सगळं स्वच्छ आलंय!" पलीकडून नाक पुसल्याचा आवाज. मग म्हणाली, "आता मला यायला पायजे. मी नवस बोललेय."

"कुणाला?"

"तुमच्या त्या साधूला. ब्रेडाबाईंच्या. पोरगी बरी होऊ दे, पायी येईन म्हणालेय."

"आई, तो ख्रिस्ती आहे."

"असू दे की. तू मिशनच्या दवाखान्यात जन्मलीस, तेव्हा तुला कुठं काय झालं?"

आमच्याकडे नवसाचा नियम सरळ असतो. ज्यानं बोलला त्यानंच फेडायचा, आणि काम झाल्यावर फेडायचा. काम झालं नाही तर देवाला काही देणं लागत नाही.

परत

व्हिसा यायला वेळ लागला. आणि तिकडे आईनं चिवडा भरून बॅगेची चेन लावली त्याच आठवड्यात इकडे पुन्हा ती खुर्ची माझ्या गुडघ्यांपाशी आली. या वेळी बरं करण्याची गोष्ट निघालीच नाही. आवाक्यात ठेवण्याची निघाली. किती दिवस, ते मी विचारलं नाही. समीरनं विचारलं असणार. त्याला काय उत्तर मिळालं ते मी अजून विचारलेलं नाही. पुढची औषधं काही आठवड्यांनी सुरू होणार होती. तोवर झेपेल तेवढं चाला, असं सांगितलं गेलं.

समीर म्हणाला, "आईंना आत्ता नको सांगूस. सत्तरी उलटलीय, एकट्या विमानात बसणार. येऊ देत." आई आली तेव्हा म्हणाला, "जेट लॅग जाऊ दे." जेट लॅग गेला तेव्हा म्हणाला, "त्यांचं चालणं होऊ दे, एवढ्या हौसेनं आल्यात."

आमच्या घराण्यात वाईट बातमी अशीच कशाच्या तरी मागे ठेवतात. मी आयर्लंडला नवी नोकरी धरली तेव्हा माझे बाबा आयसीयूत होते, आणि आई रोज मला सांगत होती, "बाबा झोपलेत." नोकरी पक्की होऊ दे, मग सांगू, असं ठरलं होतं म्हणे. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. कितीतरी दिवस मी आईशी धड बोलले नाही. आणि आता मीच तिला "नुसता अशक्तपणा आहे गं" म्हणत होते.

इराला मराठी सगळं कळतं, पण बोलते इंग्रजीत, तेही इथल्या हेलात. ती म्हणाली, "सो वी आर जस्ट लायिंग टु आजी?" मी म्हटलं, "ताटं घे."

आईनं स्वयंपाकघरातच बॅग रिकामी केली. चिवडा, मेतकूट, डिंक. आणि सगळ्यांत तळाशी, ब्लाउजपीसात गुंडाळलेली एक चांदीची बाई. बोटभर पत्रा, त्यावर उठवलेली, डोक्यावर पदर, हात जोडलेले. आई खुशीत सांगत होती, "सराफाकडं डोळे असतात, हात असतात, पाय असतात, पाळणा असतो. बीजकोश कुठला आणायचा? आणि त्या पोराला मी काय सांगू गं? म्हटलं, सगळी बाईच कर."

मी हसले, समीर हसला. समीर पुण्यात फ्लॅटमध्ये वाढलेला, त्याच्या घरी असलं काही नाही. पण मी ती हातात घेतली आणि पुन्हा नीट बघितली. सांगलीला आमच्या देवघरात अशा चांदीच्या बायका आहेत. एक आजोबांची पहिली बायको. एक काकू, बाळंतपणात गेलेली. आमच्याकडे जिवंत बाईचा टाक करत नाहीत. गेलेलीचा करतात, आणि देवांबरोबर पूजतात. नवरात्रात आई स्वतः चिंच लावून त्यांना घासते. नवसाच्या आनंदात तिच्या ते ध्यानातच आलं नव्हतं.

"छान आहे," मी म्हटलं, परत गुंडाळून दिली, आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

पिवळा माणूस

आम्ही सलग चाललो नाही. शनिवार-रविवारी समीर आम्हा दोघींना एका टोकाला सोडायचा आणि दुसऱ्या टोकाला गाडी घेऊन थांबायचा. कॅशेलच्या खडकावरून निघालो तेव्हा आईच्या अंगावर पाचवारी साडी, वर इराचं शाळेचं जॅकेट, पायात नवे बूट. वाटेवर खांब रोवलेले असतात, त्यावर काठी घेऊन चालणाऱ्या माणसाचं पिवळं चित्र. ते नुसतं रस्ता दाखवायला आहे. आईला वाटलं हाच तो साधू. प्रत्येक खांबापाशी ती थांबायची, चित्राला हात लावून तो कपाळाला लावायची. दोन-चार खांबांनंतर मी सांगणार होते. मग म्हटलं, जाऊ दे, कुणाचं काय बिघडतंय.

आई वाटभर बोलत होती. मेंढ्यांशी बोलली, गाईंशी बोलली. कुंपण ओलांडायच्या शिडीवर चढताना साडी खोचून घेत म्हणाली, "बघू नका रे कुणी," तिथे बघायला फक्त बैल होते. एका ट्रॅक्टरवाल्या आजोबांनी थांबून विचारलं, आम्ही डेक्लनला चाललोय का. हो म्हटल्यावर म्हणाले, "फेअर प्ले टु यू," ही इथली शाबासकी. आई हात जोडून म्हणाली, "थँक्यू, सेम टु यू." ते आजोबा इतके हसले की त्यांची टोपी पडली.

नॉकमिलडाऊनच्या डोंगरावर मात्र माझी वाट लागली. दर वळणाला थांबत होते. आई पुढे जाऊन परत यायची. "अजून अशक्तपणा गेला न्हाई बघ तुझा. डिंक आणलाय, लाडू करते." मी ओल्या झुडपात बसले आणि ठरवलं, आत्ता. इथे कुणी नाही, आत्ता सांगायचं. तोंड उघडलं. आई माझ्याकडे पाठ करून खालचा हिरवा मुलूख बघत होती आणि गुणगुणत होती. बाबा गेल्यापासून मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "पाणी दे."

विहीर

आर्डमोरला समुद्र लागला. समीर आणि इरा खाली चिप्सच्या रांगेत होते. आम्ही दोघी कड्यावरच्या वाटेनं डेक्लनच्या विहिरीपाशी गेलो. पडक्या देवळाजवळ दगडात पाण्याचा झरा आहे. येणारी माणसं छोटा दगड घेऊन तिथल्या मोठ्या दगडावर क्रॉस ओढतात. वर्षानुवर्षं ओढून ओढून खोल चरे पडलेत. एक म्हातारं जोडपं ओढत होतं. त्यांचं झाल्यावर त्यांनी आम्हाला जागा करून दिली आणि ते गेले.

आईनं पायातले बूट काढले. हळद-कुंकू काढलं, खण काढला, तांदूळ काढले, इथल्या एशियन दुकानातून आणलेला नारळ मांडला. मग ती चांदीची बाई. झऱ्यावरच्या फटीत ती नीट उभी राहीना, तर आईनं खाली खडा लावला. हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाली, "महाराज, माझं काम केलंत. बोलले होते तशी आले. पोरीला माझ्या बरं केलंत..."

"आई, उचल ती."

"काय?"

"उचल. तुझं काम झालेलं नाही." आणि मग मला थांबताच येईना. "तो परत आलाय. तू यायच्या आधीच आलाय. आता जाणार नाही. औषधं देतील, जमेल तेवढं थांबवतील. पण जाणार नाही."

आई रडली नाही. तिचे जोडलेले हात तसेच होते. म्हणाली, "समीररावांना ठाऊक हाय?"

"हो."

"इराला?"

"हो."

"म्हणजे मी एकटीच."

खाली समुद्राचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "बाबांच्या वेळी तुला असंच वाटलं का गं?"

"हो."

"लई वाईट वाटतंय," आई म्हणाली. "लई वाईट वाटतंय गं." आणि तिनं माझ्या पाठीत एक जोरात धपाटा घातला, लहानपणी घालायची तसा, आणि मला ओढून घेतलं. मग ती रडली, तोंडाला पदर न लावता, मोठमोठ्यानं. कुणीतरी चार जण येत होते, ते लांबूनच मागे फिरले.

शांत झाल्यावर तिनं चांदीची बाई उचलली, पदरानं पुसली. मी म्हटलं, "घरी घेऊन जा." ती त्या पत्र्याकडे बघत राहिली. पदर, जोडलेले हात. मागच्या बाजूनं बघितली, पुन्हा पुढून बघितली. आणि स्वयंपाकघरात मला जे दिसलं होतं ते आता तिला दिसलं. तिचा चेहरा असा झाला की मीच दुसरीकडे बघायला लागले.

"ही घरी न्यायची न्हाई," ती म्हणाली. "माझ्या देवघरात ही येणार न्हाई. मी जिती हाय तोवर न्हाई."

"मग इथेच ठेव."

"यांना का म्हणून द्यायची? यांनी काय केलंय?" झऱ्याकडे बघून तिनं हे इतक्या रागानं म्हटलं की त्या डेक्लनलाही ऐकू गेलं असेल. मग तिनं ब्लाउजपीस झटकलं, बाईला गुंडाळलं आणि माझ्या जॅकेटच्या खिशात कोंबलं. "तुझ्यापाशी ठेव. तू हायेस तोवर तुझ्यापाशीच."

नारळ आणि तांदूळ तिथेच राहू दिले. तिनं बूट घातले. लेस मी बांधून दिली. खाली समीरनं आमचे चेहरे बघितले आणि हातातल्या चिप्सच्या पिशवीसकट उभा राहिला. आई त्याला म्हणाली, "पोरगी थकलीय. गाडी जवळ आणा."

प्रेस

नव्या औषधांच्या पहिल्या सलाइनला आई माझ्याबरोबर वॉर्डात बसली. नर्सला तिनं माझी जन्मतारीख मी सांगायच्या आधीच सांगितली. चहा पांचट आहे म्हणाली, टोस्ट मात्र दोन खाल्ले. मग व्हिसाची मुदत संपली. डब्लिनच्या विमानतळावर आम्ही काय बोललो ते इथे लिहीत नाही.

सांगितल्यानं आजार कमी होत नाही. माझा झालेला नाही, उलट या वेळची औषधं जास्त त्रास देतात, आणि बरे आठवडे छोटे होत चाललेत. पण आईचा फोन आला की मला आवाज बदलावा लागत नाही. ज्यांच्या घरी कुणाला तरी "नंतर सांगू" असं चाललंय, त्यांनी एवढं लक्षात ठेवा. समोरच्या माणसाला आजाराचं दुःख होईलच, पण आपण एकटेच बाहेर होतो, याचं जे होतं ते वेगळंच. मला दोन्ही बाजूंनी माहीत आहे.

चांदीची बाई आमच्या प्रेसमध्ये आहे. इथे स्वयंपाकघरातल्या कपाटाला प्रेस म्हणतात, इरामुळे आम्हीही म्हणतो. चहाच्या डब्याशेजारी, मेतकुटाच्या बरणीला टेकून उभी असते. आई रोज दुपारी फोन करते. जेवलीस का, पोट साफ झालं का, हे सगळं बंद झालंय. ती पहिलं विचारते, "ती कुठाय?" मी उठते, प्रेसचं दार उघडते, फोन तिच्यासमोर धरते. आई निरखून बघते. "असू दे तिथंच. हलवू नका," म्हणते, आणि मग आमच्या बाकीच्या गप्पा सुरू होतात.

मागच्या आठवड्यात मला सोफ्यावरून उठता येईना. फोन वाजत राहिला. इरानं तो उचलला आणि माझ्याकडे न बघता स्वयंपाकघरात गेली. प्रेसचं दार उघडल्याचा आवाज आला. जी मुलगी आजपर्यंत आजीशी एक वाक्य मराठीत बोलली नाही, ती तिच्या इथल्या हेलात, एकेक शब्द नीट लावत म्हणाली, "आहे, आजी. इथंच आहे."